नव्या सभासदांना स्वागताचा आणि आभाराचा संदेश आपोआप जात नाही? या क्रमाने तपासा

"वर्गणी भरली, पैसे खात्यातून गेले, पण तुमच्याकडून काहीच आलं नाही. मी सभासद झालो की नाही?" असा फोन सचिवांना येतो. सचिव म्हणतात, आपल्याकडे तर मेल आपोआप जातो. मग कुणीतरी सभासदांच्या यादीची शीट उघडतं, कुणीतरी जुन्या कार्यकर्त्याला विचारतं आणि यंत्रणा नेमकी कुठे अडली आहे ते कुणालाच सांगता येत नाही.

सेवाभावी संस्थांना ही सोय लावून देण्याचं आणि बंद पडली की पुन्हा सुरू करून देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. संस्था बदलतात, वापरलेली साधनं बदलतात, कारणं मात्र फिरून फिरून तीच निघतात. आणि बहुतेक वेळा दोष मेलच्या मजकुरात नसतो. तो असतो यादीत, किंवा यंत्रणा ज्याच्या खात्यावर उभी आहे त्या खात्यात. म्हणून मजकूर बदलत बसण्याआधी खालच्या क्रमाने जा. सोपं आणि फुकटचं आधी घेतलं आहे, किचकट शेवटी.

आधी लक्षण नेमकं ओळखा

"मेल जात नाहीत" हे वर्णन पुरेसं नाही. यातलं तुमच्याकडे काय होतंय ते ठरवा:

- अमुक तारखेपर्यंत सगळ्यांना जात होता, नंतर एकदम बंद.
- काहींना जातो, काहींना नाही.
- जातो, पण स्पॅममध्ये पडतो.
- "प्रिय" नंतर जागा रिकामी, किंवा नावाच्या ठिकाणी प्रश्नचिन्हांची रांग.
- एकाच सभासदाला दोन-तीनदा जातो.
- दहा वर्षांच्या जुन्या सभासदाला नूतनीकरणानंतर "आपलं स्वागत आहे" जातं, किंवा ज्याचं पेमेंट फसलं त्याला आभाराचा मेल जातो.
- चाचणी केली की येतो, खऱ्या सभासदाला जात नाही.

पहिलं लक्षण असेल तर खातं, परवानगी किंवा मर्यादा यांत घोळ असतो. दुसरं असेल तर यादी किंवा ट्रिगर (ज्या घटनेवर मेल आपोआप सुटतो ती सोय). स्पॅमचं दुखणं बहुधा डोमेनचं, म्हणजे मेल पत्त्यातल्या @ नंतरच्या भागाचं. रिकामं नाव म्हणजे कॉलमचा घोळ, आणि दोनदा जाणं म्हणजे दोन ट्रिगर किंवा पेमेंटची सूचना पुन्हा आलेली. चुकीच्या माणसाला चुकीचा संदेश जात असेल तर अट चुकीच्या जागी लावली आहे.

शेवटचा बरोबर गेलेला संदेश कोणत्या तारखेचा ते शोधून लिहून ठेवा. त्या तारखेनंतर काय बदललं, एवढ्या एका प्रश्नावर अर्धी प्रकरणं सुटतात. फॉर्ममधला प्रश्न बदलला, कुणीतरी पासवर्ड बदलला, कार्यकारिणी बदलली, शीटमध्ये नवा कॉलम घातला, असं काहीतरी त्याच सुमारास घडलेलं असतं.

दुरुस्तीला हात लावण्याआधी

ज्यांना संदेश गेला नाही त्यांची यादी काढा आणि त्यांना आजच हाताने लिहा. यंत्रणा दुरुस्त व्हायला दोन दिवस लागतील, तोवर त्या माणसाला ताटकळत ठेवू नका. त्याने आपल्यावर विश्वास ठेवून पैसे दिले आहेत, आणि पैसे दिल्यानंतरची शांतता माणसाला फार लागते. दोन ओळी पुरतात: वर्गणी मिळाली, पावती अमुक दिवशी येईल, प्रश्न असतील तर या नंबरवर बोला.

दुसरं, सगळी यादी पुन्हा चालवू नका. घाईत यंत्रणा जुन्या ओळींवरून फिरवली की ज्यांना आधी मिळाला होता त्यांनाही पुन्हा जातो, आणि एका तक्रारीच्या शंभर होतात. संदेश दोनदा किंवा चुकीच्या माणसाला जात असतील तर तपासणीपुरती यंत्रणा सरळ बंद ठेवा.

१. सभासदाच्या बाजूला बघा

पाच मिनिटांचं काम आहे, पण हेच बहुतेक जण सोडतात. सभासदाला स्पॅमचा फोल्डर उघडून बघायला सांगा. "मेलमध्ये शोधलं, नाही मिळालं" यावर थांबू नका, कारण जीमेलचा नेहमीचा शोध स्पॅम आणि ट्रॅशमध्ये शोधत नाही. प्रमोशन्सच्या टॅबमध्ये गेला असेल तर तो बिघाड नव्हे. मेल पोहोचला आहे, फक्त नजरेआड आहे.

मग फॉर्ममध्ये भरलेला पत्ता अक्षर-अक्षर वाचा. 'कॉम'च्या जागी 'कॉन', एखादं अक्षर गळलेलं, शेवटी चिकटलेली मोकळी जागा. मोबाइलवर फॉर्म भरताना हे सर्रास होतं, आणि मोकळी जागा डोळ्यांना दिसतही नाही. शीटमध्ये त्या खान्यात जाऊन कर्सर अगदी शेवटी न्या. तो शेवटच्या अक्षराला चिकटला नाही, थोडा पुढे थांबला, तर समजा.

पत्ता चुकला असेल तर मेल परत येतो, पण परत कुठे येतो? ज्या पत्त्यावरून पाठवला तिथे, आणि तो डबा बहुतेक संस्थांत कुणी उघडत नाही. तो उघडा. परत आलेल्या मेलमध्ये एक तीन आकडी कोड असतो. ५ ने सुरू होणारा कोड म्हणजे कायमचा नकार. ५५० असेल तर बहुधा असा पत्ताच नाही, किंवा समोरच्या सर्व्हरने मेल घ्यायला नकार दिला आहे. कोडशेजारचं वाक्य वाचलं की दोन्हींपैकी काय ते कळतं. ४ ने सुरू होणारा कोड म्हणजे तात्पुरती अडचण. तिथे पाठवणारी यंत्रणा स्वतःच काही वेळ प्रयत्न करत राहते, तुम्ही मध्ये पडू नका.

काही सभासदांनाच मेल जात नसतील तर आणखी एक शक्यता आहे. मेल पाठवणाऱ्या सेवा परत आलेले पत्ते आणि "मला मेल नको" म्हणणारे पत्ते वेगळे काढून ठेवतात आणि त्यांना पुढे काहीच पाठवत नाहीत. तीन वर्षांपूर्वी ज्याने तुमचं वार्तापत्र बंद केलं तोच आज सभासद झाला, तर स्वागताचा मेल त्याला जाणार नाही, आणि सेवा कुरकूरही करणार नाही. तो पत्ता पुसून नव्याने घालण्याची पळवाट काढू नका. त्याने नको म्हटलं होतं, परवानगी त्यानेच पुन्हा द्यायला हवी. पावती आणि आभार मात्र व्यवहाराचा भाग आहेत. ते वार्तापत्राच्या यादीतून न पाठवता वेगळ्या वाटेने पाठवावेत, म्हणजे ही अडचण मुळातच येत नाही.

२. यंत्रणा चालू आहे का, आणि ती कुणाच्या नावावर आहे?

"जात होता, एकदम बंद झाला" या तक्रारीचं उत्तर मला सगळ्यात जास्त वेळा इथे सापडलं आहे. सोय लावून दिली एका उत्साही कार्यकर्त्याने, स्वतःच्या खात्यातून. तो नोकरीनिमित्त दुसरीकडे गेला, किंवा त्याने पासवर्ड बदलला, किंवा संस्थेने त्याचं जुनं खातं बंद केलं. त्या दिवसापासून मेल थांबले. त्याला कल्पना नाही, संस्थेलाही नाही.

गूगल फॉर्म आणि शीटवर ॲप्स स्क्रिप्टने (शीटला जोडलेल्या गूगलच्या छोट्या प्रोग्रॅमने) मेल जात असतील तर एक गोष्ट लक्षात ठेवा: ट्रिगर ज्याने लावला त्याच्याच खात्याखाली तो चालतो, शीट कुणाचीही असो. ते खातं गेलं की ट्रिगर गेला. चूक झाल्याची सूचनाही ट्रिगर लावणाऱ्याच्याच मेलवर जाते. म्हणजे यंत्रणा कित्येक दिवस ओरडत असते, पण ज्याच्या कानात ओरडते तो माणूस आता संस्थेत नसतो.

झेपियरसारख्या, वेगवेगळी साधनं एकमेकांना जोडून देणाऱ्या सेवांमध्ये हीच गोष्ट वेगळ्या रूपात येते. तिथे जोडलेल्या प्रत्येक खात्याची परवानगी स्वतंत्र असते. मेलच्या खात्याचा पासवर्ड बदलला की जोडणी तुटू शकते. वारंवार चूक आली की सेवा ती जोडणी आपोआप बंदही करते. सशुल्क योजना असेल तर कार्डाची मुदत संपली का तेही बघा. चाचणीकाळ संपून सोय फुकटच्या योजनेवर घसरली की काही पायऱ्या गुपचूप थांबतात.

मर्यादा हा याच पायरीचा दुसरा भाग. साध्या जीमेल खात्यावरून ॲप्स स्क्रिप्टने दिवसाला १०० जणांना मेल पाठवता येतात, गूगल वर्कस्पेसच्या सशुल्क खात्यावरून १,५०० जणांना. इथे मोजणी मेलची नसते, माणसांची असते. प्रत्येक स्वागताच्या मेलची प्रत तुम्ही सचिवांना आणि खजिनदारांना पाठवत असाल तर एका सभासदामागे तीन मोजले जातात, आणि ३३ सभासदांवरच दिवस संपतो. सभासद नोंदणीची मोहीम असते त्या दिवशी सकाळच्यांना मेल मिळतो, दुपारनंतरच्यांना नाही. "काहींना जातो, काहींना नाही" या कोड्याचं उत्तर कित्येकदा एवढंच असतं. प्रती बंद करा आणि त्याऐवजी दिवसाअखेर एकच एकत्रित यादी पदाधिकाऱ्यांना जाऊ द्या.

इथला कायमचा उपाय म्हणजे संस्थेच्या पदाच्या नावाने एक खातं काढणं आणि ट्रिगर, जोडण्या, मेल हे सगळं त्याच खात्यावर नेणं. त्यावर दोन पायऱ्यांची पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खात्री करून घेणारी सोय) लावा आणि ती कमीत कमी दोन जबाबदार माणसांच्या हाती ठेवा. ट्रिगर नव्या खात्यातून लावल्यावर जुना काढायला विसरू नका. जुना माणूस अजून संपर्कात असेल तर त्यालाच तो काढायला सांगा, कारण तो त्याच्या खात्यातला आहे. हे राहिलं तर पुढे प्रत्येकाला दोन-दोन मेल जायला लागतात.

३. लॉग वाचा

आता नुकत्याच आलेल्या एका सभासदाची नोंद घ्या. एकाचीच, आणि त्याने फॉर्म भरल्याची नेमकी वेळ. मग यंत्रणेचा इतिहास, म्हणजे लॉग, उघडा. ॲप्स स्क्रिप्टमध्ये 'एक्झिक्यूशन्स', झेपियरमध्ये 'झॅप हिस्टरी', इतर सेवांमध्ये 'ॲक्टिव्हिटी' किंवा 'रिपोर्ट्स'. त्या वेळेच्या आसपास काय दिसतं?

काहीच नोंद नाही, म्हणजे ट्रिगर सुटलाच नाही. चौथ्या पायरीवर जा. नोंद आहे पण लाल खूण आहे, म्हणजे मधल्या पायरीवर अडलं. तिथला चूक सांगणारा संदेश पूर्ण वाचा, त्यात बहुतेक वेळा कॉलमचं नाव किंवा परवानगीचा उल्लेख असतो. नोंद आहे आणि सगळं हिरवं आहे, म्हणजे तुमच्या बाजूने मेल निघाला आहे आणि शोध पुढे, डोमेन आणि पोहोच यांच्याकडे (आठव्या पायरीवर) न्यायचा.

ही पायरी वगळून लोक मजकूर बदलतात, पुन्हा पुन्हा चाचणी करतात आणि संध्याकाळ घालवतात. लॉग वाचायला दहा मिनिटं लागतात आणि पुढचा अर्धा रस्ता वाचतो.

एक सूचना वेळेबद्दल. काही सेवा नवी नोंद आली का ते ठरावीक अंतराने बघतात. झेपियरच्या फुकटच्या योजनेत हे अंतर १५ मिनिटांचं असतं. फॉर्म भरल्या भरल्या मेल आला नाही म्हणजे बिघाड आहे असं नाही.

४. ट्रिगर नेमका कशावर सुटतो?

फॉर्म भरल्यावर सुटणारा ट्रिगर आणि शीटमध्ये बदल केल्यावर सुटणारा ट्रिगर हे दोन वेगळे प्रकार आहेत. सभासदाने रोख वर्गणी दिली आणि खजिनदारांनी त्याचं नाव थेट शीटमध्ये लिहिलं, तर फॉर्मवरचा ट्रिगर हलत नाही. उलट, शीटच्या बदलावर लावलेला ट्रिगर माणसाने हाताने केलेला बदल ओळखतो, फॉर्ममधून किंवा दुसऱ्या प्रोग्रॅममधून आलेली ओळ त्याला दिसत नाही. तक्रार करणारे सगळे रोख वर्गणीवाले आहेत का, एवढं बघितलं तरी कारण हाती येतं. सगळ्यात साधा उपाय म्हणजे रोख वर्गणी देणाऱ्यांचाही फॉर्मच भरायचा. तो खजिनदारांनी भरला तरी चालेल.

मेलचिंपसारख्या वार्तापत्र पाठवणाऱ्या सेवेत बाहेरून एकगठ्ठा यादी चढवली की स्वागताचा मेल आपोआप जाईलच असं नाही. ते सेटिंगवर अवलंबून असतं. तसंच दुहेरी संमती चालू असेल तर सभासदाने पुष्टीच्या दुव्यावर क्लिक करेपर्यंत तो यादीत आलेलाच नसतो. पुष्टीचा मेल स्पॅममध्ये, सभासद वाट बघतोय, संस्था वाट बघतेय. सेवेत 'प्रलंबित' पत्ते किती आहेत ते बघा.

मग अटी. 'स्थिती'च्या कॉलममध्ये 'सक्रिय' असेल तरच मेल पाठवा अशी अट असते आणि कुणीतरी 'सक्रीय' लिहितं, किंवा शब्दापुढे मोकळी जागा सोडतं. मराठीत याहून फसवा प्रकार आहे. 'ॲक्टिव्ह'मधला 'ॲ' दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक पूर्ण अक्षर म्हणून, आणि दुसरा 'अ'वर अदृश्य जोडचिन्ह आणि चंद्र बसवून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. दोन कार्यकर्त्यांचे कीबोर्ड वेगळे असले की अर्ध्या ओळी अटीत बसतात आणि अर्ध्या नाहीत. कितीही टक लावून बघा, फरक दिसणार नाही. अटीच्या कॉलममध्ये हाताने लिहू देऊच नका, ड्रॉपडाउन लावा.

५. फॉर्म भरला आणि पैसे आले, या दोन वेगळ्या घटना आहेत

आभाराचा मेल फॉर्मला बांधलेला असेल तर तो पैसे न आलेल्यांनाही जातो. वाचणाऱ्याला वाटतं, पैसे पोहोचले. खात्यातून कापले गेलेले नसतात, आणि महिन्याभराने आपणच त्याला "वर्गणी बाकी आहे" असं कळवतो. यात माणूस दुखावतो. म्हणून फॉर्म भरल्यावर फक्त "आपला अर्ज मिळाला" एवढंच जाऊ द्या. आभार, पावतीचा उल्लेख आणि स्वागत हे पेमेंट यशस्वी झाल्याच्या सूचनेवरच बांधा.

ही सूचना पेमेंटची सेवा वेबहुकने, म्हणजे तुमच्या यंत्रणेला आपोआप जाणाऱ्या निरोपाने, पाठवते. तिला तुमच्याकडून "मिळालं" असं उत्तर वेळेत गेलं नाही की ती तीच सूचना पुन्हा पाठवते. स्ट्राइप ही पेमेंटची सेवा तर ३ दिवसांपर्यंत प्रयत्न करत राहते. तुमची यंत्रणा प्रत्येक सूचनेवर मेल पाठवत असेल तर एका वर्गणीचे आभार तीनदा जातात. उपाय असा: मेल पाठवण्याआधी त्या व्यवहाराचा क्रमांक आपल्या शीटमध्ये आधीच आहे का ते तपासायचं, असेल तर थांबायचं, नसेल तर तो नोंदवून मगच मेल पाठवायचा.

मेल दोनदा जात असतील आणि पेमेंटचा संबंध नसेल, तर एकाच कामाचे दोन ट्रिगर आहेत. एक तुमचा, एक दुसऱ्या पदाधिकाऱ्याने "चालत नाही म्हणून" लावलेला. सगळ्यांना त्यांच्या-त्यांच्या खात्यातून ट्रिगरची यादी उघडायला सांगा.

नूतनीकरणाची गल्लत याच घरातली. नव्या ओळीला नवा सभासद समजणारी यंत्रणा जुन्या सभासदाचंही स्वागत करते. वीस वर्षं संस्थेसोबत असलेल्या माणसाला "आमच्या परिवारात स्वागत" असा मेल जाणं बरं दिसत नाही. मेलच्या आधी जुन्या यादीत सभासद क्रमांक शोधण्याची एक पायरी घाला. सापडला तर वेगळा मजकूर, ज्यात त्याच्या इतक्या वर्षांच्या साथीचा उल्लेख असेल. क्रमांक नसेल तर मेल पत्त्यावरून शोधा. नावावरून शोधू नका, लोक नाव दर वेळी वेगळं लिहितात.

६. नाव रिकामं किंवा विचित्र येतंय

फॉर्ममधला प्रश्न "नाव" होता, तो कुणीतरी "पूर्ण नाव" केला. शीटमधल्या कॉलमचं शीर्षकही बदललं. स्क्रिप्ट किंवा मेलचा साचा अजून "नाव" शोधतोय, त्याला काही सापडत नाही, तो रिकामी जागा टाकतो. शीर्षकातली एक जादा मोकळी जागाही एवढंच नुकसान करते. साच्यातला शब्द आणि कॉलमचं शीर्षक शेजारी शेजारी ठेवून जुळवा. नाव नसेल तेव्हा "प्रिय सभासद" येईल अशी पर्यायी सोयही करून ठेवा.

देवनागरी नावाच्या जागी प्रश्नचिन्हं आली तर यादी कुठेतरी साध्या सीएसव्हीत (नुसत्या मजकुराच्या फाइलमध्ये) जतन झाली आहे. एक्सेलमध्ये साधा 'सीएसव्ही' आणि 'सीएसव्ही यूटीएफ-८' असे दोन पर्याय असतात, दुसराच निवडायचा, कारण देवनागरी त्यात टिकते. प्रश्नचिन्हं आणि अगम्य चिन्हं यांत एक मोठा फरक आहे. अगम्य परदेशी अक्षरं दिसत असतील तर बहुधा माहिती शाबूत आहे, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचली जाते आहे, आणि फाइल यूटीएफ-८ म्हणून उघडली की नावं परत दिसतात. प्रश्नचिन्हं असतील तर त्या फाइलमधली नावं गेली. ती दुरुस्त करत बसू नका, मूळ शीटमधून यादी पुन्हा काढा.

पूर्ण नावातून पहिला शब्द कापून "प्रिय अमुक" करण्याचा मोह टाळा. कुणी आडनाव आधी लिहितं, कुणी नुसती आद्याक्षरं. श्री. की श्रीमती याचा अंदाजही यंत्रणेला करू देऊ नका. माणसाने जसं नाव लिहिलं तसंच्या तसं वापरा आणि वाक्य "आपण सभासद झालात याचा आनंद आहे" असं ठेवा, म्हणजे ते कुणालाही लागू पडतं.

७. व्हॉट्सॲप आणि एसएमएस

व्हॉट्सॲप बिझनेस ॲपमधला 'ग्रीटिंग मेसेज' म्हणजे नव्या सभासदाला जाणारं स्वागत नव्हे. समोरच्याने आधी तुम्हाला संदेश पाठवला तरच तो जातो: पहिल्यांदा, किंवा १४ दिवस काही बोलणं झालं नसेल तर. ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला संदेशही तुमचा नंबर ज्याने फोनमध्ये जतन केला आहे त्यालाच मिळतो, आणि अगदी नव्या सभासदाने तो केलेला नसतो. म्हणून अर्जाच्या पोचीतच नंबर जतन करण्याची विनंती घाला. मोठ्या संस्थेसाठी असलेल्या व्हॉट्सॲपच्या एपीआयवरून (प्रोग्रॅममधून संदेश पाठवण्याच्या सोयीवरून) पाठवत असाल तर सभासदाच्या शेवटच्या संदेशाला २४ तास उलटल्यावर फक्त मंजूर झालेला साचाच जातो. मोकळा मजकूर नाकारला जातो.

एसएमएस मराठीत असेल तर एका भागात ७० अक्षरं बसतात, इंग्रजीत १६०. लांब संदेशाचे अनेक भाग होतात, आणि मग प्रत्येक भागात ६७ च बसतात. काना-मात्राही अक्षर म्हणून मोजल्या जातात. एसएमएस अर्धवट पोहोचण्याची तक्रार असेल तर मजकूर आधी छोटा करा.

८. मेल निघतो, पण स्पॅममध्ये पडतो

इथून पुढे काम नाजूक आहे. आधी नुसतं बघा. स्पॅममध्ये पडलेला मेल जीमेलमध्ये उघडा आणि मेनूतून मूळ संदेश दाखवण्याचा पर्याय निवडा. वरती एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन ओळी दिसतील. मेल खरंच त्या डोमेनच्या परवानगीने आला आहे का, हे या तपासण्या सांगतात. तिघांपुढे 'पास' असेल तर डोमेनची ओळख ठीक आहे, आणि मग मजकूर बघायचा: नुसतं चित्र असलेला मेल, लघुदुवे, जड जोडफाइल. ही तिन्ही काढून बघा.

एखादी ओळ 'फेल' असेल तर कारण बहुधा यांपैकी एक:

संस्था मेल पाठवते एका सेवेतून, पण पाठवणारा म्हणून पत्ता लावला आहे साध्या जीमेलचा किंवा याहूचा. तो पत्ता वापरायची परवानगी त्या सेवेला नाही, त्यामुळे मेल संशयास्पद ठरतो. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहू यांनी पाठवणाऱ्यांसाठीचे नियम कडक केले, आणि तेव्हापासून हा प्रकार फारच नडतो. स्वतःच्या डोमेनचा पत्ता वापरणं हाच खरा उपाय.

डोमेनवर एसपीएफच्या दोन नोंदी आहेत. जुन्या सेवेची एक होती, नवी सेवा घेतली तेव्हा तिच्या सूचनेप्रमाणे दुसरी घातली. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन झाल्या की तपासणीच चुकीची ठरते आणि दोन्ही निरुपयोगी होतात. दोन्ही सेवा एकाच नोंदीत लिहायच्या. त्यातही सर्व्हरला पुढे शोध घ्यायला लावणाऱ्या १० पेक्षा जास्त उल्लेखांना परवानगी नाही, म्हणून न वापरलेल्या सेवा काढून टाका.

डीकेआयएम सेवेत चालू केलं, पण त्याची नोंद डोमेनवर घालायची राहिली. हे सेवेच्या सेटिंगमध्ये 'अपूर्ण' असं दिसतं.

बदल करण्याआधी आहेत त्या सगळ्या नोंदींचा फोटो काढा आणि मजकूरही कॉपी करून ठेवा. बदल लागू व्हायला काही तास, कधी दोन दिवसही लागतात. मधल्या काळात पुन्हा पुन्हा बदलू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

स्पॅमच्या तक्रारींचं प्रमाणही बघा. गूगलच्या नियमांत ते ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगितलं आहे. स्वागताच्या मेलला लोक स्पॅम म्हणत असतील तर तो न विचारता जातो आहे. वार्तापत्राची संमती फॉर्ममध्ये आधीच टिक केलेली आहे का ते बघा, आणि असेल तर ती टिक काढा.

कधी थांबायचं

एका सभासदाची पावती, पत्ता किंवा रक्कम दुसऱ्याला गेली असेल तर लगेच यंत्रणा बंद करा. स्वतः दुरुस्त करून बघू नका. सचिवांना आणि ज्यांची माहिती गेली त्यांना कळवा, आणि यंत्रणा जाणकाराने तपासेपर्यंत मेल हाताने पाठवा.

तुम्ही न लिहिलेले मेल तुमच्या खात्यातून जात असतील तर खातं दुसऱ्याच्या हाती गेलं आहे. पासवर्ड बदला, सगळीकडून लॉगआउट करा, जोडलेल्या सगळ्या परवानग्या काढा आणि जाणकाराला बोलवा.

डोमेनच्या नोंदींमध्ये कोणती ओळ कशासाठी आहे ते कळत नसेल तर हात लावू नका. एमएक्सची नोंद (येणारे मेल कुठे पोहोचवायचे ते सांगणारी) चुकून पुसली तर संस्थेला येणारे सगळेच मेल थांबतात. पेमेंटच्या वेबहुकचा कोड आणि त्याच्या गुप्त किल्ल्या यांनाही हेच लागू. आणि लॉग हिरवा, तिन्ही ओळी 'पास', तरी एखाद्याच मेल सेवेवरच्या सभासदांना मेल मिळत नसतील, तर डोमेन एखाद्या बंदी यादीत आहे का हे बघायचं काम व्यावसायिकाचं आहे.

जाणकाराला बोलावताना त्याच्या हातात एवढं द्या: शेवटचा बरोबर गेलेला मेल कधीचा, न मिळालेल्या एका सभासदाची फॉर्म भरल्याची वेळ, लॉगचा स्क्रीनशॉट आणि मूळ संदेशातल्या त्या तीन ओळी. पूर्ण यादी देऊ नका, एका ओळीवर काम भागतं. संस्थेच्या खात्याचा पासवर्डही देऊ नका. त्याच्यासाठी वेगळा प्रवेश काढा, आणि काम संपलं की त्याच दिवशी तो बंद करा. दुरुस्तीनंतर त्याच्यासमोरच संस्थेच्या डोमेनबाहेरच्या पत्त्यावरून, देवनागरीत नाव लिहून, एक नवा अर्ज भरून बघा, कारण संस्थेच्याच पत्त्यावर केलेली चाचणी स्पॅमची अडचण दाखवत नाही.